चाप सुटला की थांबणारं यंत्र

आमच्या वाड्यात लाकूडकाम निघालं की सुतार पेटी घेऊन यायचा. रंधा, पटाशी, वाकस, करवत अशी सगळी हत्यारं असायची. पण मला ओढ लागायची ती सामत्याची. दांड्याला दोरीचा वेढा घालून कमान मागं-पुढं ओढली की टोकाचं पातं गरगर फिरायचं आणि भोकातून पिवळा भुसा वर यायचा. हात थांबला की सामता थांबायचा. तो थांबवायला वेगळं काही करावं लागत नसे.

वीज आली आणि हे नातं तुटलं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आर्नोट आणि ब्रेन या दोघांनी १८८९ मध्ये विजेवर चालणाऱ्या ड्रिलचं पेटंट घेतलं. जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यात १८९५ मध्ये हातात धरायचं ड्रिल तयार झालं. हातात धरायचं म्हणजे दोन्ही हातांनी. पुढचा टप्पा अमेरिकेतला. बाल्टिमोरचे डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर यांनी ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ दिली आणि मुठीत चाप बसवला. १९१४ मध्ये अर्ज केला, १९१७ मध्ये पेटंट मिळालं. आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात टांगलेलं ड्रिल पाहा, त्याचा आकार तोच आहे.

त्या चापाचं मोल मला फार वाटतं. बोट सैल झालं की वीज तुटते. कामगार घसरला, दचकला, बेशुद्ध पडला, तरी मूठ सुटते आणि यंत्राची वीज बंद होते. सामत्यातला तो जुना गुण यंत्रात परत आला, असंच म्हणायला हवं. गंमत अशी, की पुढे माणसानंच चापाशेजारी तो दाबून ठेवणारं बारीक बटण बसवलं. बोट दुखतं ना!

आपल्याकडे यंत्रांपासून माणसाला वाचवण्याचा पहिला कायदा १८८१ चा. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घाला, असं त्यात होतं. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात २१ वं कलम त्यासाठीच आलं. पण हे कायदे कारखान्याच्या फाटकाशी थांबत होते आणि यंत्र तर केव्हाच फाटकाबाहेर पडलं होतं. ब्लॅक आणि डेकर यांच्या कंपनीनं १९४६ मध्ये घरगुती ड्रिल विकायला काढलं. १९५४ मध्ये जर्मनीत वेगवान अँगल ग्राइंडर आला. हळूहळू ही यंत्रं सुताराच्या पिशवीत बसून आपल्या दिवाणखान्यापर्यंत पोचली. तिथं कलम कोण दाखवणार?

आता जे सांगतो, ते सांगायला मला जड जातं. १९९६ ची गोष्ट. मी तेव्हा वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवत होतो. घरात लग्न ठरलं होतं आणि कपाटांचं काम रेंगाळलं होतं. सुतारानं चार इंची ग्राइंडर आणला. त्याची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते; म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्यावर दगडाच्या चकतीऐवजी दात्यांचं लाकडाचं पातं होतं. वरचं गार्ड काढून पिशवीत टाकलेलं. त्याचं बटण सरकवायचं होतं, चाप नव्हताच. वायरला प्लग नव्हता. दोन उघड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून वर आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या. तिसरी, हिरवी तार कापून टाकलेली.

मी हे सगळं पाहिलं. वर्कशॉपमध्ये असं एखाद्या मुलानं केलं असतं, तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं. इथं मी काहीच बोललो नाही. मला कपाटं शनिवारपर्यंत हवी होती.

हाताखालचा पोरगा सोळा-सतरा वर्षांचा. गाठीपाशी पात्याचे दाते अडकले, यंत्र झटक्यानं मागं उसळलं आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. बटण बंद केल्यावरही पातं काही सेकंद फिरतच होतं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

नंतर मी त्याला शिकवत राहिलो. आधी करायला हवं होतं ते नंतर. पातं बदलताना बटण बंद असून भागत नाही, वायर काढायची. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते उसळतं. ठिणग्या जास्त उडू लागल्या की कार्बन झिजले, ते वेळेवर बदलायचे. ग्राइंडरच्या दगडी चकतीच्या मधल्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, कारण तिच्यातली राळ जुनी होते. हे तर दुकानदारांनाही ठाऊक नसतं. यंत्राच्या अंगावर चौकोनात चौकोन असेल, तर त्याला दुहेरी आवरण आहे, तिसरी तार लागत नाही. नसेल तर अर्थिंग पाहिजेच.

आता तो पोरगा राहिला नाही, त्याचं स्वतःचं दुकान आहे. गेल्या वर्षी तो घरी आला तेव्हा मी त्याला अमेरिकेतल्या स्टीफन गॅस यांच्या करवतीची गोष्ट सांगितली. १९९९ मध्ये त्यांनी ती कल्पना मांडली. पात्यात विजेचा अगदी सूक्ष्म संकेत सोडलेला असतो. बोट लागलं की तो बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसून पातं सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबवतो. आधी त्यांनी मांसाच्या सॉसेजवर चाचणी घेतली, मग स्वतःच्या बोटावर. मोठ्या उत्पादकांशी जमलं नाही, म्हणून २००४ पासून त्यांच्या स्वतःच्या कंपनीची करवत बाजारात आली.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. उरलेल्या बोटांनी कप धरून चहा संपवला आणि विचारलं, ‘‘सर, लाकूड ओलं असलं तर?’’

खरं होतं त्याचं. फार ओल्या लाकडानंही ते पातं थांबू शकतं आणि एकदा थांबलं की ठोकळा नवा घ्यावा लागतो, बहुधा पातंही. तसं मी त्याला सांगितलं.

‘‘मग आपल्याकडे पावसाळ्यात दर आठवड्याला पातं जाणार,’’ तो म्हणाला. आणि मग थोडं थांबून, ‘‘पण केवढ्याला मिळते?’’