शिलेदाराचें चिलखत : नांवें, घडण आणि जुळणी

जुन्या दप्तरांतील याद्या, बखरी आणि पदार्थसंग्रहालयांतील चिठ्ठ्या यांत चिलखत, बख्तर, जिरे आणि कवच हे चार शब्द हल्लीं एकमेकांच्या जागीं सर्रास योजलेले दिसतात. चारांचाही अर्थ ‘अंगाचें रक्षण करणारें लोखंडी वस्त्र’ असा एकच, अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्रस्तुत लेखांत असें दाखवावयाचें आहे कीं, यांपैकीं कवच हा शब्द तेवढा सामान्यवाचक असून बाकीचे तीन मुळांत तीन निरनिराळ्या वस्तूंचे वाचक होते; मराठी शिलेदाराचा संरक्षक पोषाख एका कारागिरानें सबंध घडविलेला नसून अनेक हातांच्या कामांतून जुळविलेला असे; आणि ही गोष्ट दृष्टीआड झाल्यामुळें कागदांचें वाचन व वस्तूंचें जतन या दोहोंचेंही नुकसान होत आहे.

प्रथम नांवांचा विचार करूं. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील पंचाहत्तरावें सूक्त युद्धोपकरणांचें आहे व त्यांतील पहिलीच ऋचा वर्माची, म्हणजे कवचाची, आहे. अमरकोशाच्या क्षत्रियवर्गांत कवच, वर्म, तनुत्र, दंशन, उरश्छद, जगर इत्यादि पर्याय एकत्र दिले आहेत. परंतु कोशकार पर्याय सांगतो, भेद सांगत नाहीं. भेद पाहावयाचा तर कौटिलीय अर्थशास्त्रांतील आयुधागाराध्यक्षाचें प्रकरण उघडावें. तेथें लोखंडाची जाळी, लोखंडाचे पट्ट आणि सुताचें कंकट हीं वेगवेगळीं मोजलीं असून शिरस्त्राण, कंठत्राण, कूर्पास, कंचुक, वारवाण व नागोदरिका असे अवयव निराळे सांगितले आहेत. कूर्पास धडापुरता, कंचुक गुडघ्यापर्यंत, वारवाण घोट्यापर्यंत आणि नागोदरिका हाताची, असा त्यांचा अर्थ लावतात. तात्पर्य, जाळी, पत्रा आणि सूत या तीन द्रव्यांचा विवेक आपल्याकडे फार जुना आहे. मराठींत ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायांत वैराग्यावर अंगत्राणाचें रूपक केलें आहे. ‘सांजोवा’ हा कवचवाचक शब्दही जुन्या मराठींतलाच. पुढें फारशी शब्दांनीं या सर्वांस मागें सारलें. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंडितानें राजव्यवहारकोश रचिला तो याच फारशी भाराचा उतारा म्हणून, आणि त्यांत शस्त्रांस स्वतंत्र वर्ग दिलेला आहे.

आतां फारशी नांवें. ‘जिरह’ म्हणजे कड्यांची जाळी. तिचेंच मराठींत जिरे झालें. जिरेटोप म्हणजे ज्याच्या कडेपासून मानेवर व कानांवर अशी जाळी लोंबते तो लोखंडी टोप. आज चित्रांमुळें व नाटकांमुळें जिरेटोप म्हटला कीं विशिष्ट घाटाचें वस्त्राचें शिरोभूषण डोळ्यांपुढें येतें. परंतु शब्दाच्या पूर्वार्धांतच लोखंडाची साक्ष आहे. ‘बख्तर’ म्हणजे एकमेकांवर चढणाऱ्या लहान पत्र्यांच्या रांगा कड्यांनीं जोडून केलेला अंगरखा. ‘चारआईना’ म्हणजे छाती, पाठ व दोन कुशी यांवर बांधावयाचे चार घोटीव पत्रे. आरशासारखे झळकत म्हणून आईना. ‘दस्ताना’ हा कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताचा.

आईन-इ-अकबरींतील शस्त्रांच्या यादींत जिरह, बगतर व चारआईना यांच्याबरोबर ‘चिहिलकद’ असें एक निराळें नांव आहे. आमच्या चिलखताचें मूळ येथेंच असावें असें वाटतें. चिहिल म्हणजे चाळीस, आणि चाळीस ही संख्या अशा शब्दांत ‘पुष्कळ’ या अर्थीं येते. अनेक पदरांचें, आंत कापूस भरून घट्ट टांचलेलें वस्त्र हा अर्थ त्यांत सरळ बसतो. तेव्हां चिलखत ही मूळची शिंप्याच्या हातची वस्तु, लोहाराच्या नव्हे. पुढें आंतल्या वस्त्राचें नांव वरच्या लोखंडासही लागलें आणि सबंध जोडणीसच लोक चिलखत म्हणूं लागले. म्हणून जुन्या यादींत ‘चिलखत’ आणि ‘बख्तर’ असे दोन शब्द लागोपाठ आले तर लेखकानें द्विरुक्ति केली असें न समजतां दोन वस्तु नोंदविल्या असें आधीं समजावें.

याचा उपयोग कसा होतो तें प्रतापगडच्या प्रसंगावरून दिसेल. ता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफजलखानाच्या भेटीस निघतांना महाराजांनीं जरीची कुडती घातली असें सभासद लिहितो. अंगरख्याच्या आंत कड्यांचें कवच व मंदिलाखालीं लोखंडी टोपी होती असें जदुनाथ सरकारांसारखे इतिहासकार सांगतात. जरीच्या कुडतीनें कट्यार अडत नाहीं. म्हणून ‘जरीची’ या ठिकाणीं ‘जिरेची’ असा पाठ कल्पावा असा मोह होतो. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसल्यानें तो मोह वाढतोही. तथापि केवळ अर्थ सुलभ होतो एवढ्यावरून पाठ बदलणें हें संशोधन नव्हे. जर हें वरून दिसणारें वस्त्र, आणि जिरे हें आंतलें. दोन्ही एकाच वेळीं अंगावर असण्यास कांहींच अडचण नाहीं. जोडणीची कल्पना मनांत असली कीं पाठ न मोडतां अर्थ लागतो.

आतां घडणीकडे वळूं. कड्यांच्या जाळीसाठीं कठीण पोलाद उपयोगी नाहीं. मऊ लोखंड लागतें. तापवून ठोकलेली सळई जंतराच्या उत्तरोत्तर लहान भोंकांतून ओढून तार काढावयाची, ती जाड सळईभोंवतीं सर्पाकार गुंडाळावयाची आणि त्या वेटोळ्यांस उभा छेद द्यावयाचा, म्हणजे तोंड उघड्या असलेल्या कड्या सुट्या होतात. प्रत्येक कडीचीं दोन्हीं टोकें एकमेकांवर आणून ठोकून चपटीं करावयाचीं, त्यांत भोंक पाडावयाचें, कडी शेजारच्या चार कड्यांत ओंवावयाची आणि बारीक खिळा घालून बुजवावयाची. असा एक अंगरखा पुरा व्हावयास सुमारें वीस ते तीस हजार कड्या लागतात आणि त्याचें वजन बहुधा आठ ते बारा किलोग्रॅम भरतें. कांहीं जाळ्यांत एक रांग खिळ्याच्या कड्यांची व एक अखंड कड्यांची असते. त्यामुळें खिळे ठोकण्याचें काम निम्म्यानें वांचतें. उलट अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या पुष्कळ जाळ्यांत कड्यांचीं तोंडें नुसतीं एकमेकांस भिडविलेलीं असतात, खिळा नसतो. त्या भाल्याच्या टोंकापुढें उकलतात. मिरवणुकीचें चिलखत व लढाईचें चिलखत यांतील फरक ओळखण्याची ही सोपी खूण आहे. जवळ भिंग असलें म्हणजे पुरे.

टोपाची वाटी, चारआईन्याचे पत्रे आणि दस्ताने यांस मात्र चांगलें पोलाद लागे, आणि त्याची उत्तम खाण आमच्या दारव्ह्यापासून फार दूर नव्हती. पैनगंगेपलीकडे निर्मळ व त्याच्या दक्षिणेस, आज तेलंगणांत मोडणारें, कोनासमुद्रम् हें गांव दारव्ह्यापासून सरळ रेषेंत सुमारें दोनशें किलोमीटरांवर आहे. तेथें मुशींत लोखंड वितळवून पोलादाच्या वड्या करीत. त्रिकोणमितीय मोजणीखात्यांतील डॉक्टर व भूगर्भज्ञ व्हॉयसी यानें ही कृति पाहून लिहिलेलें वर्णन १८३२ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. इस्फहानचे व्यापारी या पोलादासाठीं स्वतः तेथवर येत, हें त्यावरून कळतें. ज्या तलवारींस व टोपांस आपण इराणी म्हणून मान देतों, त्यांतील कांहींचें मूळ द्रव्य गोदावरीच्या खोऱ्यांतलें आहे, हें विसरूं नये.

या लोखंडाखालीं कापसाची गादी नसेल तर सर्व व्यर्थ. जाळी तलवारीची धार अडविते, पण घाव अडवीत नाहीं. हाड मोडावयाचें तें मोडतेंच. तो घाव जिरवितो कापूस. सोळाव्या शतकांत मेक्सिकोंत उतरलेल्या स्पॅनिश शिपायांनीं तेथील लोकांचें कापसाचें जाड कवच स्वतःसाठीं उचललें तें याच गुणामुळें. ज्या वऱ्हाडांत कापूस हें एक मुख्य पीक आहे, तेथील संग्राहकांनीं तरी अस्तरास चिंधी समजून फेकूं नये.

हा पोषाख जुळवीत कोण? येथें ‘शिलेदार’ हा शब्दच उत्तर देतो. सिलाह म्हणजे शस्त्र. स्वतःचा घोडा व स्वतःचीं शस्त्रें घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगिराची सोय सरकारी. शिलेदारास आपली जोडणी आपणच करावी लागे. वडिलांचा टोप, बाजारांत घेतलेली जाळी, लुटींत हातीं आलेला चारआईना, धन्यानें बक्षीस दिलेला दस्ताना आणि गांवच्या शिंप्यानें अंगाच्या मापानें शिवलेली गादी, असा तो संसार असे. शिकलगार वरचेवर गंज काढी, लोहार तुटलेल्या कड्या भरी. पंधराव्या शतकांत मिलानच्या मिस्साल्या घराण्यासारखे कारागीर डोक्यापासून पायापर्यंतचें पत्र्याचें कवच एका माणसाच्या मापानें घडवीत. तें दुसऱ्यास क्वचितच बसे. आमची जाळी सैल आणि लवचिक असल्यामुळें एकाची दुसऱ्यास चाले, म्हणूनच ती पिढ्यान् पिढ्या हिंडली. ऊन आणि घोडदौड या दोहोंचाही निकाल याच बाजूनें लागला.

त्या उन्हाचा व भाराचा एक दाखला आमच्याच प्रदेशाशीं जोडलेला आहे. दारव्ह्याच्या दक्षिणेस पन्नाससाठ किलोमीटरांवर माहूर आहे. तेथील उदारामाच्या घराण्यांतील सावित्रीबाई, जी रायबागन या किताबानें प्रसिद्ध आहे, ती कारतलबखानाबरोबर मोंगलांकडून कोंकणांत उतरत असतां फेब्रुवारी १६६१ मध्यें उंबरखिंडींत महाराजांनीं त्या फौजेस अडविलें. परमानंदाच्या शिवभारतांत, जें स. म. दिवेकरांनीं १९२७ मध्यें प्रसिद्ध केलें, या प्रसंगाचें वर्णन आहे. दाट अरण्य, वारा नाहीं, पाणी नाहीं, अरुंद वाट. फौज तहानेनें व्याकुळ झाली आणि रायबागनेच्या सल्ल्यानें खानानें शरणागति पत्करली. अंगावरचें लोखंड मैदानांत राखतें, तें खिंडींत ओझें होतें. मराठ्यांच्या हलक्या घोडदळानें जड जोडणीचा हव्यास धरला नाहीं, याचें कारण दारिद्र्यांत शोधण्यापेक्षां अशा भूमींत शोधणें अधिक सयुक्तिक होय. पुढें बंदुकीनें उरलेलें काम केलें. नोव्हेंबर १८०३ मध्यें वऱ्हाडांतच अडगांवची लढाई झाली, आणि एप्रिल १८१८ मध्यें आमच्याच जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची दाणादाण झाली. तोपर्यंत चिलखत हें लढाईचें साधन न राहतां दसऱ्याच्या पूजेची वस्तु होऊं लागलें होतें.

शेवटीं जतनाविषयीं. बिकानेरचा महाराजा अनूपसिंह औरंगजेबाच्या चाकरींत दक्षिणेंत होता. अदोनीच्या पाडावानंतर तेथील शस्त्रें व कवचें त्यानें बिकानेरास नेलीं आणि त्यांपैकीं अनेकांवर अदोनीचें नांव व संवत् १७४६, म्हणजे इ. स. १६८९, अशी नागरी अक्षरांत नोंद ठिपक्यांनीं कोरविली. त्यांतील कांहीं नग आज युरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांत आहेत. परंतु त्या ठिपक्यांच्या ओळीमुळें त्यांचें दक्षिणी मूळ नष्ट झालेलें नाहीं. याच अनूपसिंहानें दक्षिणेंतून संस्कृत पोथ्याही संग्रहिल्या, आणि बिकानेरची अनूप संस्कृत लायब्ररी त्याच्याच नांवानें ओळखली जाते. एकाच पुरुषानें पोथी व चिलखत दोन्ही जपलीं, हा योगायोग आपल्यास बोधप्रद आहे. पोथीस जशी पुष्पिका, तशी कवचास ही कोरीव नोंद. वेगवेगळ्या लेखकांच्या हातचीं पानें एका बस्त्यांत सांपडलीं तर आपण तीं उधळीत नाहीं. कोणतें पान कोठलें, हें नोंदवून बस्ता जसाच्या तसा ठेवतों. चिलखतासही तोच न्याय लावावा.

पण घडतें तें उलट. जुन्या वाड्यांतील टोप चिंचेनें व वाळूनें घांसून लखलखीत करतात, आणि कांठावरचें ठिपक्यांचें अक्षर त्याबरोबर जातें. जाळी एका गिऱ्हाइकास, दस्ताने दुसऱ्यास विकले जातात, अस्तर उकिरड्यावर पडतें. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांपूर्वींची अशी वस्तु पुरावशेष ठरते व ती परदेशीं पाठवितां येत नाहीं; परंतु घरच्या घरीं होणारा नाश कायदा थांबवूं शकत नाहीं. म्हणून विनंती एवढीच कीं, ज्याच्या पाहण्यांत अशी जोडणी येईल त्यानें ती घांसण्यापूर्वीं प्रत्येक नगाचें वजन व माप घ्यावें, कड्यांस खिळा आहे किंवा नाहीं तें पाहावें, कांठ व आंतली बाजू भिंगाखालीं धरून अक्षरांचा ठसा उतरून घ्यावा, अस्तराचा तुकडाही बरोबर ठेवावा, आणि त्याच घरांत मोडी याद्या असल्यास त्यांशीं नग ताडून पाहावे. दारव्हा व पुसद हे तालुके १९०५ मध्यें यवतमाळ जिल्ह्यास जोडले गेले. त्यापूर्वीं ते वाशीम जिल्ह्यांत होते. तेव्हां या भागांतील जुने सरकारी कागद शोधतांना वाशीमचें नांव विसरूं नये. कागदांतील ‘चिलखत १, बख्तर १’ ही ओळ आणि खुंटीवरची गंजलेली जाळी यांची गांठ एकदां पडली, म्हणजे एका शिलेदाराचा इतिहास हातीं लागतो. त्यांपैकीं एक जरी गेलें, तरी दुसरें मुकें होतें.