सिहोरा : परिसर आणि स्थळनामे

सिहोरा : भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याचे गाव. तुमसर-बपेरा मार्गावर, बालाघाट जिल्ह्याच्या सीमेजवळ. चुल्हाड, हरदोली, चांदपूर, बपेरा, गोंडीटोला या भोवतालच्या गावांना मिळून 'सिहोरा परिसर' म्हणतात. पीक मुख्यतः धानाचे.

नाव : याच नावाचे मोठे गाव जबलपूर जिल्ह्यातही आहे. हिंदी मुलखात सिहोरा हे एका झाडाचे नाव; संस्कृतात शाखोट. त्याच्या खरखरीत पानांनी लाकूड घासून गुळगुळीत करतात. गावाच्या नावाचा संबंध 'सिंह' शब्दाशी लावण्याचा मोह होतो, पण झाडाचा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावाला झाडाचे नाव देण्याची रीतच आहे : मोहाडी, अर्जुनी, सालेकसा. काही नावे वस्तीवरूनही पडतात : शेजारच्या गोंडीटोल्यात वस्ती गोंडांची हे नावच सांगते. टोला म्हणजे वाडी. परिसरातील बावनथडी नदीच्या नावातील 'थडी' म्हणजे काठ.

इतिहास : कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या रतनपूर शिलालेखात (इ.स. १११४) लांजिका व भाणार या मंडलांची नावे येतात. लांजिका म्हणजे आजचे लांजी आणि भाणार म्हणजे भंडारा, असे अभ्यासक मानतात. पुढे देवगडच्या गोंड राजांचा अंमल आला. बख्त बुलंद शाहाच्या काळात, इ.स. १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने तुमसरजवळ अंबागड बांधला. त्यानंतर भोसले, १८५३ पासून इंग्रज, १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, मग मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. सत्ता बदलल्या तरी बोली टिकल्या. माळव्यातील धारशी नाते सांगणाऱ्या पोवारांची पोवारी आणि पूर्व विदर्भाची झाडीबोली आजही इथे कानी पडतात. स्थळनामे उलगडताना दोन्हींचा आधार घ्यावाच लागतो.

पाणी : परिसराचा जीव चांदपूरच्या जलाशयात आहे. त्याच्या पाण्यावर धानाची शेती चालते. पाऊस अपुरा पडला की जलाशय भरत नाही, म्हणून बावनथडीचे पाणी उचलून त्यात सोडणारी सोंड्याटोला उपसा सिंचन योजना उभारली गेली. 

मोठ्या गावांची नावे शिलालेखांत आणि गॅझेटियरांत सापडतात. टोल्यांची, बोड्यांची (लहान तळ्यांची), बांधांची नावे मात्र म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच आहेत. परिसरातील शाळा व ग्रामपंचायतींनी ती पोवारी आणि झाडीबोलीतील उच्चारांसह आताच लिहून ठेवावीत.