पाहुणा आणि यजमान : विंडोजच्या चौकटीत लिनक्स कसे आले?

१/ विंडोजवर एक चौकट उघडते आणि तिच्यात लिनक्सचा संपूर्ण डेस्कटॉप सुरू होतो. आपण दुसऱ्याच्या घरी उतरलो आहोत, याची त्या लिनक्सला फारशी जाणीवही नसते. या ‘व्हर्च्युअल मशीन’ची कल्पना लिनक्स आणि विंडोज या दोहोंहून जुनी आहे. तिचा हा इतिहास. #थ्रेड

२/ अकरावीत असताना आमच्या घरी एकच संगणक होता. त्यात बाबांचे हिशेब होते आणि घरातले सारे फोटोही. लिनक्स बसवताना डिस्कच्या विभागणीत चूक झाली, तर सगळे पुसले जाईल, ही धास्ती होती. व्हर्च्युअल मशीनने ती घालवली. पुढे वाचनात आले की हे तंत्र जन्मले तेही एकच यंत्र अनेकांना पुरवण्याच्या गरजेतून.

३/ १९६० च्या दशकात संगणक खोली व्यापत आणि त्याची किंमत मोठ्या संस्थांनाच परवडे. तो अनेकांनी एकाच वेळी कसा वापरावा, हा तेव्हाचा कळीचा प्रश्न होता. १९६४ मध्ये एमआयटीने आपल्या ‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी प्रकल्पासाठी आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र निवडले. आयबीएमला हा धक्का होता.

४/ त्याच वर्षी आयबीएमने एमआयटीच्या परिसरालगत केंब्रिज वैज्ञानिक केंद्र सुरू केले होते. तेथे रॉबर्ट क्रीसी यांच्या गटाने वेगळी वाट धरली. अनेकांना सांभाळणारी एकच अवाढव्य प्रणाली लिहिण्याऐवजी प्रत्येकाला ‘पूर्ण संगणक आपलाच’ असा आभास द्यायचा आणि त्यात एका माणसापुरती साधी प्रणाली चालवायची. हीच ‘सीपी-४०’. जानेवारी १९६७ पासून ती नियमित वापरात आली. एका यंत्रात १४ आभासी यंत्रे!

५/ तिच्यापासून ‘सीपी-६७’ घडली आणि १९७२ मध्ये आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ हे अधिकृत उत्पादन जाहीर केले. प्रयोग यशस्वी झाला. पण कोणत्या यंत्रावर तो साधेल आणि कोणत्यावर नाही, हे सांगणारे शास्त्र अजून हवे होते. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांच्या शोधनिबंधाने ते दिले.

६/ त्यांच्या अटीचा आशय साधा आहे. पाहुण्या प्रणालीने साऱ्या यंत्रावर परिणाम करणारी वा यंत्राची खरी स्थिती उघड करणारी कोणतीही आज्ञा दिली, की यजमानाला तत्काळ वर्दी गेली पाहिजे. पाहुण्याने घरातल्या मुख्य कळीला हात लावावा आणि यजमान बेसावध असावा, असे घडता कामा नये.

७/ घरोघरी पोहोचलेल्या इंटेल-वंशाच्या चिपा नेमक्या याच कसोटीवर नापास झाल्या. ‘पॉपएफ’ या आज्ञेचेच पाहा. व्यत्यय-संकेत रोखण्यासाठी पाहुण्याने ती दिली, तर चिप तेवढा भाग मुकाट्याने सोडून देई. पाहुण्याला वाटे काम झाले. यजमानाला पत्ताच नसे. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा असल्याचे २००० सालच्या एका अभ्यासाने दाखवले.

८/ मोठ्या यंत्रांवर सुटलेला प्रश्न छोट्या यंत्रांवर असा पुन्हा उभा राहिला. स्टॅनफर्डमधील मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली. पाहुण्याच्या गाभ्यातील धोकादायक आज्ञा चालण्याआधीच हेरायच्या आणि त्यांचे सुरक्षित रूपांतर करायचे. १९९८ मध्ये ‘व्हीएमवेअर’ स्थापन झाली. १९९९ मध्ये तिचे पहिले उत्पादन आले.

९/ सॉफ्टवेअरने दाखवलेली वाट पुढे चिपनिर्मात्यांनीही स्वीकारली. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये चिपेतच आभासी यंत्रांना आधार दिला. २००७ च्या प्रारंभी ‘व्हर्च्युअलबॉक्स’ची मुक्त आवृत्ती आली आणि विद्यार्थ्यालाही खिशातून पैसा न काढता विंडोजच्या आत उबुंटू चालवता येऊ लागले.

१०/ आज व्हर्च्युअलबॉक्समध्ये ६४ बिटी लिनक्सचा पर्यायच दिसेना, तर जाणकार सांगतात, “बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन सुरू कर.” ती खूण म्हणजे केवळ तांत्रिक कटकट नव्हे. १९७४ ची अट पूर्ण करण्यासाठी चिपेत उशिरा बसवलेले दारच आपण तिथे उघडत असतो.

११/ या कथेत एक राजकीय वळणही आहे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१९ मध्ये त्याच कंपनीने ‘डब्ल्यूएसएल २’ जाहीर केले. त्यात विंडोजच्या आतच एका हलक्या आभासी यंत्रात लिनक्सचा खरा गाभा चालतो. ज्याला शत्रू मानले, त्याच्यासाठी घरात खोली राखावी लागली.

१२/ तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे एकामागून एक शोधांची सरळ रांग, असे आपण सहज मानतो. इथे तसे दिसत नाही. मोठ्या यंत्रांवर १९६७ मध्ये साधलेली गोष्ट घरगुती यंत्रांवर यायला तीन दशके लागली. कारण स्वस्त चिप घडवताना तिची गरज कोणाला भासली नव्हती. गरज बदलली, तेव्हा जुने उत्तर पुन्हा शोधले गेले.

१३/ आमच्या त्या जुन्या संगणकावर मी पाहुण्या लिनक्सची चार वेळा वाताहत केली. प्रत्येक वेळी आधी जपून ठेवलेल्या ‘स्नॅपशॉट’वर परतलो, बाबांच्या हिशेबाला ओरखडाही आला नाही. १९६७ मध्ये या कल्पनेने दुर्मीळ यंत्र अनेकांना वाटून दिले. पुढच्या पिढ्यांना तिने त्याहून मोठी गोष्ट दिली : निर्धास्तपणे चुकण्याची मुभा. शिकणाऱ्याला आणखी काय हवे?

(समाप्त)