आपला दवाखाना

'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना' ही महाराष्ट्र शासनाची मोफत बाह्यरुग्णसेवा. १ मे २०२३ रोजी तिचा राज्यभर विस्तार झाला. तपासणी, औषधे व ठरावीक चाचण्यांना पैसे पडत नाहीत. पण खरी खुबी वेळेत आहे : बहुतेक ठिकाणी दुपारी २ ते रात्री १० ही वेळ. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आलेल्या मांजरी बुद्रुकसारख्या गावात बांधकामावरची, शेतातली माणसे दिवस मावळल्यावरच मोकळी होतात. सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे म्हणजे रोज बुडालाच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचारही मोफत झाले. महापालिकांची रुग्णालये मात्र त्या निर्णयाबाहेर राहिली, ही हद्दवाढीतल्या गावांच्या दृष्टीने अडचणीचीच बाब. कारण शस्त्रक्रियेसाठी किंवा दाखल होण्यासाठी आपला दवाखान्यातून रुग्णाला मोठ्या रुग्णालयातच पाठवतात.