आठशे मीटरची धाव आणि अंधारातला रस्ता

आजचा विषय आपल्या गटांच्या बैठकांमधूनच आला आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली गावोगावी रस्त्यावर पळताना दिसतात. कुणी पहाटे तांबडं फुटायच्या आधी, कुणी दिवेलागणीनंतर. दिवसा कॉलेज असतं, रानातलं काम असतं, वर ऊन मी म्हणत असतं. म्हणून अंधाराचीच वेळ उरते. मग घरातून आवाज येतो, "एकटीनं अंधारात पळायचं नाही." आणि काही घरांत तयारीच बंद पडते. आईची काळजी खोटी नसते. पण काळजीपोटी मुलीला घरात ठेवायचं, का तिच्यासाठी रस्ता नीट करायचा, हा प्रश्न आपल्या आधी पुष्कळ बायकांपुढे आलेला आहे. त्यांनी काय केलं, ते आज सांगते.

सुरुवात भरतीच्या मैदानापासूनच करू. मुलींच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. यातलं ८०० मीटर हे अंतर एकेकाळी ऑलिंपिकमध्ये बायकांना बंद होतं. १९२८ साली ॲमस्टरडॅमला ऑलिंपिक भरलं. धावण्याच्या शर्यतीत बायकांना तिथे पहिल्यांदा घेतलं. ८०० मीटरच्या शेवटच्या फेरीत नऊ जणी पळाल्या. जर्मनीची लीना राडके पहिली आली आणि तिनं २ मिनिटं १६.८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. जपानची किनुए हितोमी दुसरी आली. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. जीव तोडून पळाल्यावर माणूस दमतं, खाली बसतं, तसं तिथेही झालं. पुरुषांचंही होतं. पण वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्या म्हणून छापलं. एका बातमीदारानं तर शर्यत अर्ध्यात सोडणाऱ्या बायकाही मोजून लिहिल्या, ज्या मुळात नव्हत्याच. त्यानंतर "बायकांच्या तब्येतीला झेपत नाही" म्हणून ही शर्यत बंद झाली, ती १९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्ये परत आली. म्हणजे ३२ वर्षं! इतक्या काळात एक अख्खी पिढी पळायची राहून गेली, आणि कारण सांगितलं होतं ते त्यांच्याच काळजीचं.

लांब अंतराचंही तेच झालं. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जुनी मॅरेथॉन आहे, साधारण ४२ किलोमीटरची. १९६६ साली बॉबी गिब या बाईनं तिथे अर्ज केला, तर बायकांच्या शरीराला एवढं अंतर झेपणार नाही, असं उत्तर आलं. ती झुडपात लपून बसली आणि शर्यत सुरू झाल्यावर पुरुषांमध्ये मिसळून पूर्ण पळाली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरनं नुसती आद्याक्षरं लावून नाव नोंदवलं. तिला २६१ क्रमांक मिळाला. पळता पळता एका अधिकाऱ्यानं अंगावर धावून जाऊन तिचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. तिच्या सोबत्यानं त्याला बाजूला ढकललं आणि तिनं शर्यत पुरी केली. १९७२ साली बोस्टननं बायकांना रीतसर प्रवेश दिला आणि १९८४ साली ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आणि माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर या खेड्यातल्याच वाटांवर पळायला शिकल्या. कविताला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये पदक मिळालं. ललिता २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली.

शरीराला झेपत नाही, हे कारण असं मोडीत निघालं. मग दुसरं कारण उरलं, ते अंधाराचं. त्याचाही इतिहास ऐका.

इंग्लंडच्या उत्तर भागात १९७५ ते १९८० या काळात एका माणसानं १३ बायकांचे खून केले. पोलीस बायकांना सांगू लागले, रात्री एकटीनं बाहेर पडू नका. बायकांना राग आला. गुन्हा करणारा पुरुष आणि घरात कोंडून घ्यायचं बायकांनी, हा कुठला न्याय? १२ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री लीड्स आणि आणखी काही शहरांत बायका मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या. संचारबंदी लावायचीच असेल तर पुरुषांवर लावा, असं त्यांच्यातल्या काही जणी म्हणाल्या. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीला पश्चिम जर्मनीतल्या बायकांनीही रात्रीचे मोर्चे काढले होते, त्यांच्याकडून ही कल्पना आली. तो खुनी १९८१ च्या जानेवारीत सापडला. तपासात पोलिसांनी त्याआधी त्याच्याशी नऊ वेळा बोलून त्याला सोडून दिलेलं होतं. बायकांनी घरात बसण्यानं तो सापडला नाही. तपास नीट झाला असता तर आधी सापडला असता.

आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या एका डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री पश्चिम बंगालभर बायका रस्त्यावर आल्या आणि रात्र आमचीही आहे म्हणाल्या. तिथल्या सरकारनं मात्र उपाय म्हणून बायकांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये, असं सुचवलं. सर्वोच्च न्यायालयानं सरकारला खडसावलं. बायकांनी रात्री काम करू नये, असं तुम्ही म्हणूच शकत नाही, सुरक्षा देणं हे तुमचं काम आहे, असा न्यायालयाचा रोख होता.

कायद्यातही हे दोन रस्ते दिसतात. १८९१ च्या कारखाना कायद्यानं बायकांच्या रात्रीच्या कामावर बंधनं घातली. गिरणीमालक तेव्हा बायकांना तासन्‌तास राबवत, त्यामुळे त्या बंधनाला अर्थ होता. पण पुढे १९४८ च्या कायद्यातही संध्याकाळी ७ नंतर बायकांना कारखान्याचं दार बंदच राहिलं, आणि त्याबरोबर रात्रपाळीची मजुरीही गेली. २००० साली मद्रास उच्च न्यायालयानं ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली आणि सुरक्षेच्या अटी मालकावर घातल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही बाईची संमती असेल आणि मालकानं तिच्या संरक्षणाची सोय केली असेल, तर तिला रात्री साडेनऊनंतर काम करता येतं. आधी बाईला थांबवत होते, आता मालकाला कामाला लावलं आहे.

आणि बायांनो, खेड्यातल्या बाईला रात्र कधी बंद होती? ऊसतोडीची गाडी भरायला ती अपरात्री उठते. वीज रात्रीची असेल तर पाणी धरायला नवऱ्याबरोबर रानात जाते. घरात संडास नव्हता तेव्हा उजाडायच्या आधी डबा घेऊन कोण जात होतं? तेव्हा अंधार कुणी काढला नाही. कामासाठी बाई अंधारात गेलेली चालते, आणि स्वतःच्या भाकरीसाठी मुलगी पळायला निघाली की अंधार आठवतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. २६ मार्च १९७२ च्या रात्री आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. हा खटला मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जातो. नागपूर खंडपीठानं आरोपींना दोषी धरलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये त्यांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, असली कारणं दिली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या जाणकारांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये बायका ठिकठिकाणी रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईनं आपली संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं तसंच धरून चालावं, अशी तरतूद झाली. पुढे आणखी एक कायदा आला. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. त्या मुलीला रस्त्यावर नव्हे, चार भिंतींच्या आत, रक्षण करणाऱ्यांनीच गाठलं. आज आपली मुलगी अंधारात पळते ती त्याच ठाण्यात वर्दी घालून बसण्यासाठी. रात्री तक्रार घेऊन येणाऱ्या बाईसमोर तीच बसलेली असेल. राज्याच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. ती जागा भरायला मुली हव्यात, आणि मुली पळाल्या तरच त्या येतील.

मग काय करायचं? धोका आहे हे मान्य करूनच करायचं. मुलींनी जमेल तेव्हा दोघी-तिघींनी मिळून पळावं. एकटीनं जायचं झालं तर कुठल्या वाटेनं जाणार आणि कधी परत येणार, हे घरात किंवा शेजारी सांगून जावं, आणि परत आल्यावरही सांगावं. रोज तीच वाट, तीच वेळ ठेवू नये. रस्त्याच्या उजव्या कडेनं पळावं, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. अंगावर पांढरा किंवा चमकणाऱ्या पट्टीचा कपडा असावा, हातात किंवा डोक्याला बॅटरी असावी. दोन्ही कानांत गाणी लावू नयेत. ऊसपट्ट्यात बिबट्या फिरतो, तिथे उसाच्या कडेनं अंधारात एकटीनं पळूच नये. कुत्रं अंगावर आलं तर पळत सुटू नये, त्याच्याकडे पाठ न करता थांबावं. फोन चार्ज असावा आणि ११२ हा क्रमांक लहानथोरांना पाठ असावा. कुणी पाठीमागे लागत असेल तर गप्प बसू नये. पाठलाग हा २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. "ही आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही.

हे झालं मुलींचं काम. आपलं काम त्याहून मोठं आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथे ठराव मांडा की गावापासून फाट्यापर्यंतचे दिवे लागलेच पाहिजेत, बंद पडलेले किती दिवसांत दुरुस्त होतील ते लिहून द्या. शाळेचं मैदान पहाटे मुलींसाठी उघडं ठेवायला सांगा. गटातल्या बायकांनी पाळी लावून मैदानावर बसायचं, पहाटे अर्धा तास. सकाळी फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांनाही त्याच वाटेनं बोलवा. माणसांची ये-जा असली की वाट आपोआप बरी होते. आणि गावातल्या मुलांना घरी समजावा, कारण पाठीमागे लागणारा बहुतेक वेळा परका नसतो, कुणाच्या तरी घरातलाच असतो. लीड्सच्या बायकांनी मागितलं ते हेच होतं, की बंधन घालायचं तर त्रास देणाऱ्यावर घाला.

पुढच्या बैठकीत हप्ते आणि कर्जाचा हिशेब झाला की हा विषय घ्या. आपल्या गावात किती मुली भरतीची तयारी करतात, त्या कुठल्या वाटेनं पळतात आणि त्या वाटेवर किती दिवे लागतात, एवढं वहीत लिहून आणा. ठराव लिहायला मी आहेच.