चेन, बेल्ट आणि जुन्या गाडीचे आयुष्य

३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनीची एकही अधिकृत टॅक्सी उरली नाही. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात अशा शेवटच्या टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आहे. ती संपली आणि गाडी उतरली. तिला थांबवले ते नियमाने, इंजिनाने नव्हे. ज्या गाडीचा कारखाना दोन दशकांपूर्वीच बंद पडला, ती रोज भाडे मारत इतकी वर्षे चालली कशी, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. त्याच्या उत्तराचा एक धागा इंजिनाच्या पुढच्या बाजूला, टायमिंगच्या झाकणाखाली सापडतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ या अमेरिकी गाड्या जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४मध्ये फियाट ११०० आली. १९६४ची डिलाइट, १९७३ची प्रेसिडेंट, १९७४ची पद्मिनी ही सारी त्याच गाडीची पुढची नावे. १०८९ सीसीचे इंजिन मूळचेच राहिले. परवान्यांच्या त्या काळात नवे मॉडेल आणणे सोपे नव्हते आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत असे. या साचलेपणावर टीका पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. पण त्याची दुसरी बाजूही होती. एकच इंजिन दशकानुदशके चालू राहिल्यामुळे त्याचे भाग सगळीकडे मिळू लागले आणि ते उघडून बसवणारे हात गावोगावी तयार झाले.

इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक झाला पाहिजे. तरच व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडतात आणि मिटतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो. या दोन शाफ्टना बांधून ठेवणारा दुवा म्हणजे टायमिंगची चेन किंवा बेल्ट. पद्मिनीत कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्येच होता आणि तिथून पुशरॉड वर जात. दोन शाफ्ट जवळजवळ, म्हणून चेन आखूड. ती तेलात भिजत फिरे. झिजली की खळखळ करी. सकाळी थंड इंजिन सुरू करताना तो आवाज अधिक येई. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक झाकणाला आणि मूठ कानाला लावून मिस्त्री सांगे, ‘अजून काही दिवस चालेल, पण काम करून घ्या.’ ते ‘काही दिवस’ मालकाच्या कामाचे असत. तेवढ्यात हंगाम निघे, पैसे जमत.

पुढे इंजिनांची रचना बदलली. वेग आणि ताकद वाढवण्यासाठी कॅमशाफ्ट वर, सिलिंडरच्या डोक्यावर गेला. दोन शाफ्टमधले अंतर वाढले. चेन लांब, जड आणि आवाजी होऊ लागली. जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला १००४ या गाडीत दातेरी रबरी बेल्ट वापरला. १९६६मध्ये खुद्द फियाटने १२४ स्पोर्टच्या इंजिनात तो आणला. त्या इंजिनाचे अभियंते होते ऑरेलिओ लांप्रेदी. कुर्ल्यात मात्र त्याच फियाटचे जुने, चेनचे इंजिन बनत राहिले. भारतात बेल्ट घरोघर पोचवला तो डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००ने. १९९८च्या अखेरीस टाटांची इंडिका आली, पिंपरीची. तिच्या डिझेल इंजिनातही बेल्टच होता.

बेल्ट हलका, स्वस्त, शांत. त्याला तेल लागत नाही. उलट तेल गळून त्यावर पडले तर तो लवकर खराब होतो. किलोमीटर कमी झाले तरी रबर वर्षांनी म्हातारे होते. आणि बेल्ट तुटण्याआधी बहुधा काही बोलत नाही. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली जागा अगदी कमी असते. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते.

याचा अर्थ पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठसारख्या गावी नीट कळतो. इकडे खेडचा घाट, पुढे अवसरीचा घाट, मग मंचर आणि नारायणगावचे बाजार. ओझर, लेण्याद्री, भीमाशंकरची वर्दळ बारमाही. जुन्नर-आंबेगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामाला. डबेवाल्यांपैकी कित्येक याच बाजूचे. अशा भागात पुष्कळदा गाडी येते ती शहरात दहा-बारा वर्षे चाललेली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे. गाडीबरोबर कागद येतात, बेल्ट कधी बदलला हे येत नाही. मीटरवरच्या आकड्याची खात्री कोणी देत नाही. घाटात बेल्ट तुटला तर हेडच्या कामाचा खर्च कधीकधी गाडीच्या बाजारभावाजवळ जातो. मग चालण्यासारखी गाडी भंगारात निघते आणि घरचा एक धंदा बसतो.

म्हणून ‘चेन चांगली, बेल्ट वाईट’ म्हणावे, तर तसेही नाही. याच जिल्ह्यात, रांजणगावच्या कारखान्यात, फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन बनू लागले. त्यात पुन्हा चेन आली. तिचा ताण इंजिन ऑइलच्या दाबावर राखला जातो. ‘चेन आहे, आता काही बघायला नको’ असे समजून ज्यांनी ऑइल वेळेवर बदलले नाही, त्यांच्या चेन ढिल्या पडल्या. ती बदलायची तर इंजिनाची पुढची बाजू उघडावी लागते. शाफ्ट जागीच धरून ठेवायला खास हत्यारे लागतात. पद्मिनीची आखूड चेन आणि ही चेन, नाव एक असले तरी काम एक नाही.

जुनी गाडी टिकवण्याचे ज्ञान पूर्वी कानात होते. आता ते नोंदीत गेले आहे. ज्यांना हे उमगले ते मालक गाडी घेतल्याबरोबर, मागचे काही न विचारता, बेल्ट, टेन्शनर आणि बेल्टवर चालणारा असेल तर पाण्याचा पंपही एकदमच बदलून टाकतात आणि तिथून आपली तारीख सुरू करतात. जाणते मिस्त्री टायमिंगच्या झाकणावर रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात.

आपल्याकडे मोटारीचा इतिहास लिहिला जातो तो कारखानदारांचा, करारांचा, मॉडेलांचा. पण कुर्ल्याहून निघालेली गाडी कारखान्यानंतरही वीस वर्षे चालली, ती दुरुस्तीवर. त्या दुरुस्तीची दप्तरे कुठल्याही अभिलेखागारात नाहीत. ती अशा तेलकट झाकणांवर आहेत आणि गाडी भंगारात गेली की त्यांच्यासकट वितळतात. कोणी जुनी गाडी मोडीत काढत असेल, तर आधी त्या झाकणावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे, आणि जमल्यास उतरवून घ्यावे.