छत्र आणि प्रयोगशाळा

तंजावराहून पट्टुकोट्टईस जाताना ओरत्तनाडु हे गाव लागते. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपली दिवंगत सहचरी मुक्तांबा हिच्या नावे १८०२ साली बांधलेले छत्र येथे आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. राजाच्या हाती किल्ला आणि उत्पन्नाचा ठराविक वाटा एवढेच उरले होते. तरीही वाटसरूला अन्न, मुलांना विद्या आणि आजाऱ्याला औषध एकाच ठिकाणी मिळावे, अशी व्यवस्था त्याने या छत्रात लावली.

विद्यार्थ्याला जेवू घालणे आपल्याला नवे नाही. वार लावून, माधुकरी मागून शिकलेल्यांच्या आठवणी कितीतरी मराठी घरांत निघतील. परंतु शिक्षण संपले, पदवी पदरात पडली आणि खरा शोध मात्र आता कोठे सुरू व्हायचा आहे, अशा माणसाने कोणत्या छत्राकडे पाहावे?

१९४९ साली डॉ. कमल रणदिवे या वळणावर उभ्या होत्या. पुण्याच्या समर्थांच्या घरी १९१७ साली जन्मलेल्या या बाईंनी प्रारंभी अभ्यासली ती सीताफळाच्या कुळातील झाडांची गुणसूत्रे! मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली हीच नजर कर्करोगाकडे वळली. डॉक्टरेट मिळाल्यावर शिष्यवृत्तीच्या आधाराने त्या बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि देहाबाहेर, काचपात्रात, जिवंत पेशी वाढविण्याची विद्या शिकल्या. 'हेला' या नावाने पुढे जगभर गेलेल्या मानवी कर्कपेशी १९५१ साली याच प्रयोगशाळेत वाढल्या. ज्या हेन्रिएटा लॅक्सच्या त्या पेशी होत्या, तिची संमती मात्र कोणी घेतली नव्हती.

बाई ती विद्या घेऊन परतल्या, हे मला विशेष वाटते. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते काय, हे त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर वर्षानुवर्षे तपासले.

१९६६ साली हे केंद्र टाटा रुग्णालयाशी एकरूप झाले. त्याच परंपरेतील खारघरच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेत आज मानवी कर्करोगाचे जनुकीय लेखन वाचले जाते. डॉक्टरेट झालेल्या तरुणांना तेथे संशोधनाची संधी मिळते. पण अशी कामे बहुधा प्रकल्पापुरती असतात आणि मुदत सरली की पुन्हा नवा अर्ज लिहावा लागतो.